नांदेड–संभाजीनगर विमान कुणासाठी?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे २१५ किलोमीटर भरते. ताशी आठशे किलोमीटरने उडणाऱ्या जेट विमानाला एवढे अंतर कापायला सोळा मिनिटे पुरतात. मराठवाड्याच्या विकासाची बैठक असो की निवडणुकीची सभा, हा हिशोब कुणीतरी मांडतोच. दोन्ही टोकांना धावपट्टी आहे, मध्ये पाव तासाचे अंतर आहे, मग विमान का नाही? लातूरची धावपट्टी धरली तर त्रिकोणच पूर्ण होतो. लातूर–नांदेड साधारण सव्वाशे किलोमीटर, लातूर–संभाजीनगर दोनशेच्या थोडे आत. कागदावर हे इतके सोपे दिसते की विमान सुरू न होण्यामागे मराठवाड्यावरचा अन्यायच असणार असे वाटू लागते.

अन्याय आहे, पण तो इथे नाही. ही मागणीच मुळात चुकीच्या जागी आहे, आणि तिच्या आवाजात दुसरी, जास्त खरी मागणी दबून जाते.

आधी त्या सोळा मिनिटांचे बघू. विमान काही बाणासारखे सुटत नाही. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व–पश्चिम आहे, नांदेडचीही जवळपास तशीच. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. म्हणजे नांदेडला निघालेले विमान संभाजीनगरहून आधी नांदेडकडे पाठ करून, दौलताबादच्या दिशेने उडणार, मग वळसा घेऊन पूर्वेला लागणार. नांदेडला पोचल्यावर पुन्हा तेच. गावाच्या पुढे जाऊन, उलटे फिरून, पूर्वेकडून धावपट्टीवर यायचे. त्यातच चढायला आणि उतरायला लागणारा वेळ धरा. जेट विमान आपल्या सोयीच्या उंचीवर पोचून स्थिर होते न होते तोच त्याला खाली यायला सुरुवात करावी लागते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आणि उतरल्यावर पार्किंगपर्यंत येणे वेगळेच. हे सगळे मिळून दारे बंद झाल्यापासून दारे उघडेपर्यंत पाऊण तास जातो. आठशेचा वेग या मार्गावर नावापुरताच.

हा पाऊण तासही विमान कंपनीचा. प्रवाशाचा वेळ घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. नांदेडला घरातून निघून विमानतळ गाठायला अर्धा तास धरू. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, म्हणून सव्वा तास आधी पोचणे भाग आहे. मग विमानाचा पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचा वेळ. उतरून सामान हातात यायला वीस मिनिटे. चिकलठाण्याहून जालना रोडच्या गर्दीतून शहरात शिरायला पुन्हा अर्धा तास. बेरीज साडेतीन तासांच्या जवळ जाते. त्यातली हवेत गेलेली मिनिटे किती, हे पाहिले की नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय ते कळते.

आता रेल्वे. मुंबईची वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली. पहाटे पाचला नांदेड सोडून ती सव्वाआठच्या सुमारास संभाजीनगरला येते. स्टेशनला जाणे-येणे आणि थोडे आधी पोचणे धरले तरी घर ते काम हा प्रवास चार तासांत बसतो. विमानाने वाचली ती साधारण अर्धा-पाऊण तास. तीसुद्धा विमान वेळेवर असेल, आणि तुमच्या कामाच्या वेळेला असेल, तर. दिवसाला एक किंवा आठवड्याला तीन फेऱ्या असलेल्या विमानाची वाट पाहण्यात जो वेळ जातो तो या हिशोबात मी धरलेलाच नाही.

याउलट तेच विमान, तोच वैमानिक, तेवढ्याच खुर्च्या नांदेड–मुंबई मार्गावर लावल्या तर काय होते? हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर. रेल्वेने सहाशेच्या वर, आणि वंदे भारतलाही साडेनऊ तास लागतात. विमानाचा वेळ इथे पाऊण तासाऐवजी सव्वा तास होतो, म्हणजे अर्ध्या तासाची भर. विमानतळावरचा वेळ तेवढाच राहतो. मुंबईची वाहतूक धरूनही दार ते दार पाच तास. म्हणजे दिवसाउजेडी जाणाऱ्याचे साडेचार-पाच तास वाचले. अर्ध्या तासाचे जास्तीचे उड्डाण आणि त्याबदल्यात चार तासांची जास्तीची बचत. विमानाचा फायदा अंतर वाढेल तसा वाढतो. जवळच्या गावाला विमान मागणे म्हणजे सगळ्यात महागडे साधन सगळ्यात कमी उपयोगाच्या जागी वापरणे.

(यावर नांदेडकर हसून म्हणतील, आमची रात्रीची देवगिरी काय वाईट आहे? संध्याकाळी बसायचे, झोपायचे, सकाळी मुंबईत. खरेच आहे. बर्थ मिळाला तर त्या गाडीसारखी स्वस्त हॉटेलची खोली दुसरी नाही. पण दुपारच्या बैठकीनंतर त्याच दिवशी घरी परतायचे असेल तर देवगिरीचा उपयोग नाही, आणि बर्थ मिळतोच असेही नाही.)

गंमत अशी की केंद्राने लहान शहरे सवलतीच्या विमानसेवेने जोडण्यासाठी 'उडान' योजना आखली तेव्हा हे गणित तिच्या नियमांतच होते. ऑक्टोबर २०१६ च्या त्या योजनेत मुळात २०० ते ८०० किलोमीटरचे मार्ग धरले होते. डोंगराळ, दुर्गम भाग आणि बेटे यांना खालची मर्यादा नव्हती, कारण तिथे रस्ता आणि रेल्वे नसते. लातूर–नांदेड आणि लातूर–संभाजीनगर या चौकटीत बसतच नाहीत. संभाजीनगर–नांदेड पंधरा किलोमीटरने बसते. पंधरा किलोमीटरने पात्र ठरणे हा काही विमानाचा हक्क होत नाही.

इथे कुणी हटकून विचारेल, मग नांदेड–हैदराबाद कसे चालले? ते अंतरही अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे. २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून उडानचा आरंभ झाला, त्याच दिवशी ज्या मार्गांना झेंडा दाखवला गेला त्यात नांदेड–हैदराबाद होता. ट्रूजेट कंपनीचे पंखे असलेले एटीआर विमान होते. तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये ही कमाल मर्यादा योजनेतल्या खुर्च्यांना होती. पण त्यात बसणारे अनेक जण हैदराबादला जात नव्हते. ते हैदराबादमार्गे बेंगळुरूला, चेन्नईला, दुबईला जात होते. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ हे मोठे जंक्शन आहे; तिथून पुढे शंभर वाटा फुटतात. लहान अंतराचे विमान अशा जंक्शनला नेऊन सोडत असेल तर ते मोठ्या प्रवासाचा पहिला टप्पा ठरते आणि त्याचा हिशोब बदलतो. संभाजीनगर जंक्शन आहे का? तिथून मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू अशी विमाने आहेत, अजिंठा-वेरूळमुळे पर्यटकही येतात. पण नांदेडच्या माणसाने दिल्लीला जायला आधी पश्चिमेला संभाजीनगरला उडावे आणि तिथे चार तास बसावे, असे कोण करेल?

आणि हैदराबादचे ते विमानही टिकले नाही. २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेटची उड्डाणे थांबली. पुढे नांदेडच्या विमानतळावर नियमित प्रवासी विमानच उरले नाही असाही काळ येऊन गेला. मार्च २०२४ च्या अखेरीस स्टार एअरने सेवा सुरू केली तेव्हा कुठे धावपट्टी पुन्हा जागी झाली. नांदेडचा हा अनुभव एकट्याचा नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातले आकडे थंडपणे वाचण्यासारखे आहेत. उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ३७१ सुरू झाले. तीन वर्षांची सवलतीची मुदत ११२ मार्गांनी पूर्ण केली. ती संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ५४.

दिलेल्या मार्गांच्या सात टक्के. कारणे निरनिराळी असतील. कंपन्यांकडे विमाने नव्हती, विमानतळ वेळेत तयार झाले नाहीत, मध्ये कोरोना येऊन गेला. पण एक कारण साधे आहे. तोटा भरून देणारा पैसा तीन वर्षांनी थांबतो आणि तेव्हा मार्गाला स्वतःच्या तिकिटांवर उभे राहावे लागते. लहान उड्डाणाचा खर्च त्याच्या अंतराच्या मानाने कमी होत नाही. सर्वाधिक इंधन चढताना जळते, आणि चढावे प्रत्येक वेळी लागतेच. चाके, ब्रेक, इंजिन यांची झीज किलोमीटरवर कमी आणि उड्डाणांच्या संख्येवर जास्त मोजली जाते. विमान २१५ किलोमीटर उडाले काय किंवा ४७० उडाले काय, हा ठरलेला खर्च तोच. संभाजीनगर–नांदेडला तिकीट मुंबईच्या तिकिटाच्या निम्मे ठेवता येणार नाही, आणि ठेवले नाही तर पाऊण तास वाचवायला ते कुणी काढणार नाही.

पण समजा सरकारने कायमचा तोटा सोसायचे ठरवले. मग तो सोसायचा कुणासाठी, हा प्रश्न येतो. नांदेड–संभाजीनगर रोज जातो कोण? मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तारीख असलेला पक्षकार आणि त्याचा वकील. विभागीय आयुक्तालयात फाईल घेऊन निघालेला कर्मचारी. घाटी रुग्णालयात किंवा शासकीय कर्करोग रुग्णालयात केमोच्या फेऱ्या करणारा पेशंट, सोबत बायको नाहीतर भाऊ, हातात एक्स-रेचे मोठे पाकीट. स्पर्धा परीक्षेचे केंद्र संभाजीनगरला पडलेला पोरगा. धर्माबादहून मनमाडला जाणाऱ्या मराठवाडा एक्स्प्रेसला लोक हायकोर्ट एक्स्प्रेस म्हणतात, ते उगाच नाही. कोर्ट उघडायच्या सुमारास ती माणसे आणून सोडते. या लोकांपैकी विमानाच्या तिकिटाचा विचार करणारे शंभरात किती असतील, ते वाचकानेच ठरवावे. मला वाटते वकीलसाहेबांपैकी काही, आणि तेसुद्धा पक्षकाराच्या खर्चाने.

शिवाय ही माणसे फक्त नांदेडची नाहीत. त्याच गाडीत पूर्णेला, परभणीला, मानवत रोडला, सेलूला, परतूरला, जालन्याला लोक चढतात-उतरतात. विमान या सगळ्यांच्या डोक्यावरून जाईल. मी परभणीकर असल्यामुळे मला हे जरा जास्तच दिसत असेल, पण हिंगोली आणि बीडच्या माणसाला विचारा. त्याला दोन विमानतळ हवाई मार्गाने जोडले याचा अर्थ एवढाच की बातम्यांत मराठवाडा जोडला गेला आणि तो मात्र पूर्वीच्याच फलाटावर उभा आहे.

तो फलाट हेच खरे दुखणे. मनमाड–परभणी हा मराठवाड्याचा कणा असलेला मार्ग निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मीटर गेजचा म्हणून घातला गेला. त्याचे रुंदीकरण व्हायला नव्वदचे दशक उजाडावे लागले, तेही गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने वर्षानुवर्षे लावून धरल्यावर. त्या पिढीने विमान मागितले नाही. त्यांनी रूळ रुंद करा म्हटले, कारण मीटर गेजवरून ब्रॉड गेजवर माल आणि माणसे मनमाडला उतरवून पुन्हा चढवावी लागत होती. रुंदीकरण झाले, पण रूळ एकच राहिला. परभणी ते मुदखेड दुहेरी झाला; परभणीहून पश्चिमेला मात्र तीच एकेरी वाट. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर एका गाडीला स्टेशनात थांबवूनच ठेवावे लागते. 'सेलूला क्रॉसिंगला पडली' हे वाक्य आमच्या भागात शाळकरी पोरालाही कळते. वंदे भारत वेळेवर जावी म्हणून पॅसेंजर बाजूला काढतात. मालगाडी आली की तीही बाजूला. वाढीव गाडी मागायला गेले की उत्तर ठरलेले, मार्गावर जागा नाही.

३१ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने छत्रपती संभाजीनगर–परभणी दुहेरीकरणाला मंजुरी दिली. १७७ किलोमीटर. मनमाडच्या बाजूने अंकाई–संभाजीनगरचे दुहेरीकरण आधीच मंजूर आहे. मराठवाड्याच्या प्रवासाच्या दृष्टीने अलीकडच्या काळात याहून मोठी बातमी झाली नसेल, पण तिच्यावर किती सत्कार झाले? विमानाच्या पहिल्या उड्डाणाला केक कापतात, पाण्याचे फवारे उडवतात, आमदार-खासदार पहिल्या रांगेत बसून फोटो काढतात. दुसऱ्या रुळासाठी खडी टाकताना फोटोत यायला कुणी धडपडत नाही. दुसरा रूळ पडला की आजचे सव्वातीन तास अडीचवर येणे अशक्य नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिवसाला एकाऐवजी अनेक जलद गाड्या सोडता येतील. मग विमानाची ती अर्ध्या-पाऊण तासाची आघाडी उरतच नाही. रस्त्याचेही तसेच. जालन्याहून नांदेडला समृद्धी महामार्गाशी जोडणारा १७९ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग झाला तर स्वतःची गाडी असलेला माणूस विमानतळाकडे बघणारही नाही. तो मार्ग कितपत हवा, जमिनी कुणाच्या आणि कुठल्या भावाने जातात, हा वेगळा आणि कडवट विषय आहे. इथे शिरत नाही.

मग विमानतळांचे काय करायचे? ते बांधून झालेलेच आहेत. नांदेडची धावपट्टी २००८ च्या गुरता गद्दीच्या (गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद मिळाल्याच्या) त्रिशताब्दीसाठी मोठी केली गेली आणि जगभरच्या शीख भाविकांना तिचा उपयोग झाला. अमृतसरला नांदेडहून थेट विमानाने जायचे तर ते सुमारे चौदाशे किलोमीटरचे अंतर असते, आणि तिथे विमानाशी कुणाचीच स्पर्धा नाही. सचखंड एक्स्प्रेसने जाणाऱ्या म्हाताऱ्या भाविकाला विचारा, दीड दिवस बसणे म्हणजे काय असते. नांदेडची हीच जमेची बाजू आहे आणि ती पूर्वेला, उत्तरेला, दक्षिणेला लांब पाहणारी आहे. लातूर आणि धाराशिवच्या धावपट्ट्यांबद्दल बोलायचे तर नांदेडसह त्या २००९ मध्ये ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने रिलायन्सच्या कंपनीकडे देण्यात आल्या. इतक्या वर्षांत तिथून नियमित प्रवासी वाहतूक उभी राहिली नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. लातूरकराला पुण्याला विमानाने जाऊन किती वेळ वाचेल, याचा हिशोब वर मांडला तसाच मांडून बघावा. त्या धावपट्ट्या रुग्णाला तातडीने हलवणाऱ्या विमानासाठी, प्रत्यारोपणाचा अवयव नेण्यासाठी, वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी चोवीस तास तयार ठेवाव्यात. तिथे एक दिवा लागलेला आणि एक अग्निशमन बंब उभा असणे हे महिनाभर चालून बंद पडणाऱ्या प्रवासी सेवेपेक्षा जास्त कामाचे आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप मी ऐकलेला आहे, आणि तो हलका नाही. पश्चिम महाराष्ट्राने काही मागितले की त्याला प्रगती म्हणतात, मराठवाड्याने मागितले की लगेच खर्चाचा हिशोब काढतात. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून आपण अनुशेष मोजतोय. वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये आले आणि २०२० मध्ये मुदत संपून गेले. अशा वेळी मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, विमान तर विमान, अशी भावना होणे स्वाभाविक आहे. माझी भीती नेमकी तिथेच आहे. अनुशेष भरल्याचे दाखवण्यासाठी विमानतळ फार सोयीचा असतो. नकाशावर एक ठिपका आला की जिल्हा 'हवाई नकाशावर' आला. तो ठिपका महिन्याला किती माणसे हलवतो हे पुढच्या बैठकीत कुणी विचारत नाही. रूळ मात्र लपवता येत नाही. तो असतो किंवा नसतो.

म्हणून मागणी करायचीच तर ती नेमकी असावी. नांदेडहून मुंबईला सकाळी लवकर जाणारे आणि संध्याकाळी परत येणारे विमान, आठवड्यातले किमान सहा दिवस, आणि वर्षभर न बदलणाऱ्या वेळेला. मुंबईच्या जुन्या विमानतळावर सकाळच्या वेळा लहान विमानांना मिळत नव्हत्या, ही कंपन्यांची जुनी तक्रार. आता नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आहे, तिथल्या सकाळच्या वेळांपैकी काही छोट्या शहरांसाठी राखून ठेवायला राज्य सरकारने भाग पाडावे. दिल्ली, बेंगळुरूच्या फेऱ्या टिकवाव्यात. संभाजीनगर–नांदेडच्या विमानासाठी जो पैसा कुणी देऊ करेल त्याने आधी दुहेरीकरणाच्या भूसंपादनाला गती द्यावी, आणि काम परभणीच्या बाजूनेही सुरू करावे. कामे एकाच टोकाने, संभाजीनगरकडून सुरू होतात आणि जालन्याच्या पुढे रेंगाळतात, हा आमचा अनुभव जुना आहे. पुढच्या वेळी पालकमंत्री विमानाची घोषणा करायला उभे राहिले की त्यांना परतूर ते सेलू दुसऱ्या रुळाची निविदा कधी निघणार, त्याची तारीख विचारावी.